ठिपक्यांचं पुस्तक

माझं काम लोकांना गिळताना बघणं.
रोज सकाळी आठला, नारीनच्या दवाखान्यात,
खिडकीला आतूनही बर्फ धरतं तेव्हासुद्धा.
अकरा गोळ्या, पेलाभर कोमट पाणी,
मग जीभ वर, जीभ बाहेर, गाल दाखव.
झुरा एजे, तू जेलर आहेस,
बुरुल्कान म्हणायची, आणि गिळायची.
ओकली तर पुन्हा.

पहिल्याच आठवड्यात धावत आली,
लघवी केशरी झाली म्हणून.
सांगितलं, त्यातली एक गोळी रंग सोडते,
घामाला, आसवांना, अंगातल्या सगळ्या पाण्याला.
थोडा वेळ गप्प राहिली.
मग विचारलं, लोकर किती वेळ भिजवावी लागेल त्यात?

नमदे करते ती. शिर्दाक म्हणतात आमच्याकडे.
लोकरीचे दोन थर, एक लाल, एक हिरवा,
एकावर एक ठेवून सुरी एकदाच चालवायची.
लालातून निघालेलं मेंढ्याचं शिंग हिरव्याच्या भोकात बसतं,
हिरव्यातलं लालात.
वाया काही जात नाही.
दोन नमदे होतात, एकमेकांचे उलटे.

औषधही असंच कापत असावं.
जंतू स्वतःभोवती मेणाची भिंत घालतो.
एक गोळी त्याचं मेण अडवते, एक विटा,
एक त्याच्या नकलनविसाचा हात धरून ठेवते,
चौथी आंबट कोपऱ्यांत शिरते
जिथे तो तोंडावर पांघरूण घेऊन पडलाय.
पण रक्ताचा रस्ता एकच.
वाटेत यकृताचं जकातनाकं लागतं,
तळपायांत मुंग्या, सांध्यांत सुया,
आणि डोळ्यामागच्या बारीक दोरीपाशी कुणी एक
पाहुणा म्हणून जातो, तो उठतच नाही.
सुक्याबरोबर ओलंही जळतं,
हे डॉक्टर शायिर्बेक बारीक अक्षरांत छापून देतात.
मी मोठ्याने वाचून दाखवते.
कुणी ऐकत नाही. खोकला थांबलेला असतो.

दर महिन्याला ठिपक्यांचं पुस्तक.
लाल ठिपक्यांत लपलेला हिरवा आकडा.
बारा, आठ, सहा, एकोणतीस, सत्तावन्न,
बुरुल्कान धडाधड सांगायची,
मी बरोबरच्या खुणा करायची.
मार्चमध्ये पुस्तक हातून पडलं,
शिवण आधीच उसवलेली, पानं फरशीभर.
गोळा केली तशीच लावली.
बारा, म्हणाली ती. पान पंचेचाळीसचं होतं.
आठ. सहा. एकोणतीस.
मी थांबवलं नाही.
तिचे आकडे शेवटपर्यंत बरोबर होते,
पानंच चुकली होती.

कधीपासून?
जानेवारी.
बोलली का नाहीस?
तू गोळी बंद केली असतीस.
आणि मेमध्ये लग्नाचे नमदे द्यायचेत.
एका वेळी एकच भीती परवडते, एजे.

मग लाल कुठला ते कळायचं कसं?
वासावरून. लाल मंजिष्ठाचा,
त्याला ओल्या मातीचा वास राहतो.
हिरव्याला काहीच वास नाही.
जिथे वास नाही ते हिरवं.

गोळी त्याच दिवशी थांबली.
बदली आलेली भूक मारते, ते असो.
जूनमध्ये हिरवा थोडा परतला,
लाल अजून शिळ्या चहासारखा दिसतो म्हणे.
छातीचा फोटो मात्र स्वच्छ.
डॉक्टरांनी तो उजेडाला धरला,
आणि ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली,
काळ्यापांढऱ्याकडे, जिथे चुकायला काही नव्हतं.

पानं मी आता पत्त्यांसारखी पिसते.

त्या हिवाळ्यातला एक नमदा लग्नवाल्यांनी परत केला.
एका कडेची शिवण लाल हवी तिथे तपकिरी.
तो दवाखान्याच्या बाकावर आहे,
लोक त्यावर बसून आपलं नाव पुकारायची वाट बघतात.
त्याच सुरीने कापलेला त्याचा उलटा
बुरुल्कानच्या घरात, भिंतीला तोंड करून टांगलाय.
एकदा जाऊन पाहिला.
दोन्ही शेजारी ठेवून बघू का,
असं विचारायचं होतं.
तिने चहा ओतला. मी प्यायले.